जानेवारीतल्या उघड्या खिडक्या

बाहेर बर्फ पडत होतं आणि इमारतीच्या झाडून सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं, इथल्या लोकांची डोकी ठिकाणावर नाहीत. पण मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, इनवुडमधल्या त्या जुन्या विटांच्या इमारतीत कुणालाच त्यात काही वावगं दिसत नसे. तळघरातला बॉयलर वाफ सोडायचा, खोलीखोलीतला लोखंडी रेडिएटर फुसफुसत तापायचा, माणूस घामाघूम व्हायचा आणि उठून खिडकी उघडायचा. रेडिएटर बंद करावा म्हटलं तर त्याच्या चावीवर रंगाचे इतके थर बसलेले की ती फिरवायला पैलवानच हवा. त्यापेक्षा खिडकी बरी.

इमारतीनं तीन बाजूंनी वेढलेला एक फरसबंद चौक होता. चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या घरात, चौकाकडच्या खिडकीशी, नूआला गेराटी खुर्ची टाकून बसलेली असे. अंगात जाड कोट, डोक्यावर लोकरीची निळी टोपी, पाय रेडिएटरला टेकवलेले. पाय उबेला आणि नाक गारव्याला, अशी तिची बैठक. आयर्लंडमध्ये, मेयोच्या किनाऱ्यावर तिच्या आईनं कधी खिडकी लावून घेतली नव्हती. नूआला तरुणपणी इकडे आली तेव्हा बरोबर फारसं काही नव्हतं, पण ही सवय मात्र आली. थंडी फार झाली की ती इमारतीची देखभाल करणाऱ्या बेस्निकला बोलावून घ्यायची आणि उबेच्या नावानं कडकडून भांडायची. तो यायच्या आधी खिडकी लावून घ्यायची, एवढंच. या दोन्हींत काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. पायांची मागणी वेगळी, नाकाची वेगळी.

आणि खरं सांगायचं तर आता खिडकी नाकासाठी उघडी नव्हतीच. ती कानांसाठी होती.

तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. जवळचं ठीक दिसे, पण चौकापलीकडचं सगळं दुधात बुडाल्यासारखं. ऐकू मात्र लख्ख यायचं. उभं आयुष्य तिनं एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर काढलं होतं. याचा आवाज त्याला जोडून द्यायचा, आणि जोडला की आपण बाजूला व्हायचं. लग्न राहूनच गेलं. मैत्रिणी एकेक करून फ्लोरिडाला गेल्या, नाहीतर देवाघरी. उरला तो हा चौक. बर्फ पडायला लागलं की आवाज कसे जवळ येतात, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी राजम्याच्या मिठावरून भांडत. वरती कुणीतरी सटासट शिंकायचं आणि लगेच कुठूनसा आशीर्वाद यायचा. एका घरात तान्ह्या बाळाला निजवणारी बाई स्वतःच आधी झोपायची, गाणं मध्येच तुटायचं. आणि समोरून, नेमकं कुठून ते तिला दिसत नसे, पण दुपारी एक अकॉर्डियन सुरू व्हायचं. भाता ओढल्याचा उसासा आधी ऐकू यायचा, मग सूर.

त्या सुरांत तिचा डोळा लागायचा. मग चौकात हळूहळू पाणी भरायचं. हिरवं, मेयोच्या खाडीतलं पाणी. खिडक्यांच्या होड्या व्हायच्या आणि प्रत्येक होडीत कुणीतरी काहीतरी शिजवत बसलेलं असायचं. तिची आई एका होडीतून स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडायची आणि नूआलाला ते सगळं समजायचं. जाग यायची तेव्हा कोटावर बर्फाचे कण असायचे. तिला वाटायचं, म्हातारपण असं असेल तर हरकत नाही. एवढ्या माणसांत आपण राहतो आणि एकालाही आपला उपद्रव नाही.

त्या मंगळवारी खालून बेल वाजली. सोसायटीची अध्यक्ष योकास्ता पेराल्ता आणि तिच्याबरोबर कुणी इंजिनीअर बाई वर येत होत्या. नूआलानं सवयीप्रमाणे खिडकीची चौकट खाली ओढली, टोपी काढली, कोट पलंगावर टाकला आणि दार उघडलं.

"दोन्या नूआला, आशीर्वाद असू द्या!" योकास्ता आत येत म्हणाली. दंतवैद्याच्या दवाखान्याचा कारभार सांभाळणारी ही डोमिनिकन बाई वयानं मोठ्या बाईला आदरानं दोन्या म्हटल्याशिवाय बोलत नसे. "ही रोवेना. आपल्या इमारतीची नाडी बघायला आलीय."

"म्हणजे इमारत आजारी आहे होय?"

"आजारी कसली, ताप आलाय तिला. शहराचा कायदा माहितीये ना? मोठ्या इमारतींनी धूर कमी करायचाय. मला वाटायचं धूर म्हणजे गाड्यांचा. ही म्हणते, शहराचा बराचसा धूर आपल्यासारख्या घरांचाच. आपण हडसन नदीवरचं आकाश तापवतोय, दोन्या. जानेवारीत! माझी आई तर घरात पंखा लावून बसते."

रोवेना कामाला लागली होती. ती भिंतींना यंत्र लावत फिरत होती. रेडिएटरला हात लावून तिनं भुवया उंचावल्या, मग खिडकीजवळ आली आणि चौकटीशेजारच्या एका पांढऱ्या डबीपाशी थांबली.

"आजी, ही डबी कसली आहे, ठाऊक आहे?"

"आग लागली की कोकलते ती ना?"

"नाही हो. सगळ्या इमारतीचा ताप मोजणारी डबी आहे ही. तुमचं घर सगळ्यात गार अशी तक्रार होती, म्हणून मागे कधीतरी इथं बसवली. ही गारठली की तळघरात बॉयलर पेटतो. ही उबली की विझतो. पण ही बया उबतच नाही. सारखी गारठलेली. का, तेच कळेना. खिडकी तर छान घट्ट बसतेय."

"म्हणजे दोन्या नूआलाला थंडी वाजली की आम्ही सगळे भाजून निघतो!" योकास्ता खदखदून हसली. "आयरिश रक्त! आता पंचाईत अशी, की भिंत फोडून नळ बघावा लागणार बहुतेक. पुढं मागं बॉयलर काढूनच टाकायचाय. हवेतली ऊब ओढून घरात सोडणारे पंप बसवायचेत, नव्या जाड काचा लावायच्यात. पण आधी ही गळती सापडली पाहिजे."

गळती योकास्तासमोरच उभी होती आणि तिला हात होते, पाय होते, पलंगावर कोट होता. सांगून टाकावं असं नूआलाच्या मनात आलं. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "चहा घेणार?"

त्या गेल्यावर ती खुर्चीत बसली. खिडकी वर करावी की करू नये, या विचारात हात तिथंच राहिला. मग केली वर. आवाज एकदम आत आले, बहिणींचं भांडण, शिंका, अकॉर्डियनच्या पेटीचा उसासा. ती ऐकत राहिली आणि तिला हळूहळू सगळं उलगडत गेलं. तिची खिडकी उघडी, म्हणून डबी गार. डबी गार, म्हणून बॉयलर पेटलेला. बॉयलर पेटलेला, म्हणून सगळी घरं तापलेली, म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या, आणि म्हणून हे सगळे आवाज इथं, तिच्या मांडीत. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपण फक्त ऐकतो. खरं म्हणजे चौकातली प्रत्येक खिडकी तिनंच उघडायला लावली होती. बोर्डावर बसून ती अजूनही जोडण्या करत होती आणि त्याचा धूर वरच्या चिमणीतून निघत होता.

तिला स्वतःची लाज वाटली. चहाची पुडी दोनदा वापरणारी बाई ती, दोरीचा तुकडासुद्धा टाकत नसे. आणि आपण आकाश तापवलं? तरी खिडकी लावायला हात होईना. लावली की काय होईल ते तिला नीट कळत होतं. घरं निवतील, लोक आपापल्या खिडक्या लावतील, आणि मग उरेल ती एक म्हातारी आणि तिची चार भिंतींची खोली. ते दोन-चार दिवस तिनं चोरासारखे काढले. ऐकायची, पण ऐकण्यातलं सुख गेलं होतं. झोपेत होड्या यायच्या, पण पाणी कढत असायचं.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून परतताना ती सभेला बसली. एरवी ती असल्या सभांना जात नसे. खालच्या दालनात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि इनवुडमधल्या डोमिनिकन मंडळींची सभा म्हणजे काय, तर सगळे एकदम बोलणार आणि सगळ्यांना सगळं ऐकू जाणार. नूआला मागच्या रांगेत बसली. चेहरे पाहून तिला कुणीच ओळखू येईना. तिनं डोळे मिटले आणि एकदम सगळे ओळखीचे झाले. ही मिठाची धाकटी बहीण. हा शिंकणारा. ही झोपाळू आई.

"बेस्निकचंच काम आहे हे!" कुणीतरी म्हणालं. "त्याच्या गावी डोंगरात बर्फ, म्हणून त्याला भट्टी पेटवायची हौस!"

"मी बॉयलरला हात लावत नाही," बेस्निकचा जाड आवाज आला. दुखावला होता तो. "डबी सांगते, तो पेटतो. मी काय डबीशी भांडू?"

"दुसरा माणूस ठेवला तर डबी ऐकेल!"

"अहो, बास!" योकास्तानं टाळी वाजवली. "माणूस काढून ऊब कमी होत नसते. भिंत फोडायची की नाही, ते बोला."

"फोडा बाई, फोडा," हा आवाज नूआलानं कधी ऐकला नव्हता. तिनं डोळे उघडले. गळ्यात मफलर गुंडाळलेला एक बुटका, टकलू माणूस उभा होता. नाव आर्किमेदेस तावारेस, आणि त्याला बेरीज करता येत नाही असं त्याची बायको शेजारी बसून सगळ्यांना सांगत होती. "एकदा का ही ऊब आटोक्यात आली, की मला खिडकी लावून वाजवता येईल. आमची मिलादी म्हणते, सगळ्या चौकाची माझ्या पेटीतून सुटका होईल."

सगळे हसले. नूआला मात्र पुढं वाकून त्याला नीट बघू लागली. म्हणजे हा तो! तिनं मनात उंच, मिशाळ, दुःखी माणूस रंगवला होता. हा तर न्हाव्याच्या दुकानातल्यासारखा गप्पिष्ट. त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं, असं तिला फार वाटलं. पण काय बोलणार? आणि कोण म्हणून? लोक चहाकॉफीकडे वळले तशी ती जिना चढून गुपचूप वर आली. वाटेत तिला बेस्निक दिसला, पायरीवर एकटाच, हातातल्या टोपीकडे बघत बसलेला.

घरात येऊन तिनं कोटही काढला नाही. सरळ खिडकीपाशी गेली आणि चौकट खाली ओढली. धप्प.

शांतता अशी पडते हे ती विसरली होती.

संध्याकाळपर्यंत रेडिएटर फुसफुसायचा थांबला. खोली आधी उबली, मग बेताची झाली, मग छानच झाली. तिनं कधी नव्हे तो कोट काढून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी काचेला कान लावला तेव्हा चौकातून धप्प, धप्प असे आवाज येत होते. एकेक खिडकी खाली येत होती. कुणी किती पटकन लावतं, कुणाची चौकट अडकते, हे तिला ऐकू येत होतं आणि प्रत्येक आवाजाबरोबर एक माणूस कमी होत होता. बहिणी गेल्या. शिंका गेल्या. बाळाचं गाणं गेलं. पेटी त्या दिवशी वाजली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही.

योकास्तानं फोन करून सांगितलं, "दोन्या, चमत्कार झाला! डबी बरी झाली. रोवेना म्हणते, बॉयलर दिवसभर गाढ झोपलेला असतो. भिंत फोडायला नको. बेस्निकनं कुठंतरी ठोकलं असेल, पण तो कबूल होत नाही."

"छान झालं, पोरी," नूआला म्हणाली आणि फोन ठेवून रडली. तिला वाटलं नव्हतं की रडू येईल. आपण बरोबर केलं याचं तिला दुःख नव्हतं. बरोबर केलं तर निदान थोडं बरं वाटेल असं तिनं धरलं होतं, आणि ते काही वाटत नव्हतं. तिनं रेडिओ लावून पाहिला. पण रेडिओवरची माणसं तुमच्यासमोर राजमा जाळत नाहीत. दुपारी डोळा लागायचा, चौकात पाणी भरायचं, होड्या यायच्या, पण होड्यांत कुणी नसायचं. पाण्यालाही आवाज नव्हता.

अशाच एका दुपारी, रिकाम्या होड्या बघत असताना, एका होडीतून एक बाई उतरली आणि तिनं नूआलाच्या गालाला हात लावला. हात बर्फासारखा गार होता.

"गरम आहे! अगं बाई, गरम आहे! जिवंत आहे!"

"येशू, मेरी आणि जोसेफ!" नूआला ओरडून उठली.

खोलीत तीन माणसं उभी होती. योकास्ता, हातात जादा किल्ल्यांचा जुडगा. मफलरवाला आर्किमेदेस. आणि कोट, दोन टोप्या असा सगळा जामानिमा केलेली, हातमोजे काढून हातात धरलेली मिलादी, जी आता तिचा गाल सोडून स्वतःचे डोळे पुसत होती.

"बेल वाजवली, दार वाजवलं, हाका मारल्या," योकास्ताला धाप लागली होती. "हे दोघं माझ्याकडे धावत आले. म्हणाले, टोपीवाली बाई गेली."

"कोण टोपीवाली?"

"तुम्हीच की!" आर्किमेदेस म्हणाला. "तुमची खिडकी बंद झाली ना. मी म्हटलं, सर्दी झाली असेल. मग म्हटलं, बहिणीकडे गेल्या असतील. मिलादी म्हणाली, ती खिडकी बंद म्हणजे बाई संपली. एवढी वर्षं घटकाभराच्या वर कधी बंद पाहिली नाही."

"तुम्हाला माझी खिडकी ठाऊक आहे?" नूआलाचा आवाज तिलाच परका वाटला.

"ठाऊक म्हणजे काय, खुर्चीच तिकडे तोंड करून मांडतो हा," मिलादी म्हणाली. "निळी टोपी जरा डुलली की मला हाक मारतो, बघ, आवडलं तिला! मी म्हणते, अरे वेड्या, झोपलीय ती. तर म्हणतो, माझ्या वाजवण्यावर कुणाला झोप लागते, ही थोडी गोष्ट आहे का?"

नूआला हसली, आणि हसता हसता तिनं सगळं सांगून टाकलं. खिडकी, डबी, बॉयलर, आकाश. बेस्निकला बोलणी बसली त्याची लाजही सांगितली. योकास्ता ऐकता ऐकता पलंगावरच बसली.

"म्हणजे इतके हिवाळे माझी आई पंखा लावून बसली, ती तुमच्यामुळे?"

"हो, पोरी."

"आणि मला वाटायचं, ती उतारवयाची गरमी!" योकास्तानं कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली की किल्ल्या खाली पडल्या. "आधी बेस्निककडे जाते मी. केक घेऊन जाते. दोन्या, तुम्ही पण चला, माफी मागायला सोबत लागते."

"येते," नूआला म्हणाली. मग ती आर्किमेदेसकडे वळली. तिला विचारायची भीती वाटत होती, तरी तिनं विचारलं. "सगळ्यांनी खिडक्या लावल्या, ते मी ऐकलं. तुम्ही पण लावली. म्हणून पेटी ऐकू येत नाही. हो ना?"

"लावली कुठं?" तो म्हणाला. "उघडीच आहे."

"उघडीच आहे!" मिलादीनं हातमोजे वर केले. "आता घरात ऊब बेताची, आणि ही खिडकी सताड. मी दोन टोप्या घालून भात शिजवते. म्हणतो, तिची उघडली आणि आपली बंद असली तर? पेटीला हात लावत नाही. बंद काचेला काय वाजवून दाखवायचं, म्हणतो. हे बघा माझं नाक. आता तुम्हीच सांगा याला, तुमचं ऐकेल."

बोर्डावर इतकी वर्षं नूआलानं हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली होती आणि प्रत्येक वेळी जोडणी झाली की आपलं बोट काढून घेतलं होतं. स्वतःसाठी तिनं कधी कुणाला हाक मारली नव्हती. कसं बोलायचं असतं ते, हेही तिला धड ठाऊक नव्हतं.

"लावून घ्या ती खिडकी," ती अखेर म्हणाली.

आर्किमेदेसचा चेहरा पडला.

"लावून घ्या, आणि पेटी घेऊन इथं या," ती घाईघाईनं म्हणाली, कारण थांबली असती तर पुढचं बोललीच नसती. "आत्ता या. मिलादीला घेऊन या, भात पण आणा. मी एकटी असते हो. फार एकटी असते."

तो लगेच निघाला. मिलादी त्याच्या मागे, आणि त्या दोघांच्या मागे किल्ल्या गोळा करत योकास्ता, दुसऱ्या मजल्यावरच्या बहिणींनाही सांगते म्हणत. नूआला काचेला कान लावून उभी राहिली. बऱ्याच वेळानं चौकापलीकडून धप्प असा एकच आवाज आला. चौकातली शेवटची खिडकी बंद झाली होती. मग ती दारापाशी गेली, दार सताड उघडलं आणि खुर्ची ओढून तिथं, जिन्याकडे तोंड करून बसली.